उजेड चुलीपाशी आला की

फोन आला तेव्हा मी तिसरीच्या वर्गात पाढे म्हणवून घेत होते. पलीकडून नितीन, माझा पुतण्या, एवढंच म्हणाला, "काकू, या..." काय झालं ते मी विचारलंच नाही. सेनगावची जीप भरल्याशिवाय कधी हलत नाही. त्या दिवशी ड्रायव्हरनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि सीट रिकाम्या ठेवून गाडी काढली. घरी पोचले तर बाई गेल्या होत्या. नव्या स्वयंपाकघरात, नव्या फरशीवर, खाटेवरून नुकत्याच खाली घेतलेल्या.

बाई म्हणजे शांताबाई, माझी मोठी जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा सासू नव्हतीच. घरात बाई होत्या, आणि त्यांच्या धाकापुढं सासू परवडली असती असं मी माहेरी सांगायचे. पण मला नोकरी लागली तेव्हा घरातले पुरुष "कशाला, काय करायचं" करत बसले होते, आणि बाईच पुढं झाल्या. "शिकलीय तं जाऊ द्या तिला. भाकरी मी थापीन." पुढं कितीतरी वर्षं त्यांनी त्या थापल्या.

आमचं घर माळवदाचं. लाकडी खांब, वर मातीचं सपाट छत आणि स्वयंपाकघराच्या छतात उजेडासाठी ठेवलेलं एक गोल भोक, साणं म्हणायचो आम्ही त्याला. त्यातून उन्हाचा एक गोल तुकडा खाली पडे आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राही. सकाळी भिंतीवर, दुपारी जात्याजवळ, आणि तिथून चुलीपाशी आला की माझी यायची वेळ. भिंतीवर घड्याळ होतं, पण बाईंना ते कधी पटलं नाही. उजेड चुलीपाशी आला की त्या चहाचं आधण ठेवत. हिवाळ्यात ऊन कलतं, उन्हाळ्यात सरळ येतं, त्याचा हिशोब त्या मनातल्या मनात करत आणि चहा बराबर मी उंबऱ्यात पाय ठेवताना उकळे. ढग आले की शिडीनं वर जाऊन साण्यावर लोखंडी घमेलं पालथं घालायचं, ऊन पडलं की काढायचं, हे काम त्यांचं. दुसऱ्या कुणी केलेलं त्यांना चालत नसे.

माळवद गळायला लागलं तेव्हा स्लॅब टाकायचं ठरलं. भाड्यानं खोली घेऊ म्हटलं तर बाई म्हणाल्या, "घर बांधायला घर सोडतेत का कुठं?" झालं! मग आम्ही राहिलो त्या धुळीत. भांडी अंगणात लिंबाखाली, ताडपत्रीआड आंघोळ, वरणात सिमेंट. मी चिडचिड करायचे आणि बाई रोज संध्याकाळी आपलं तेवढं अंगण झाडायच्या. त्यांची मागणी एकच होती, स्वयंपाकघराच्या स्लॅबमध्ये साणं ठेवायचं. मिस्त्री हसला. "अहो बाई, स्लॅबला भोक कोण ठेवतं? पाणी येईल."

"येऊ दे. मी हाय ना झाकायला."

शेवटी मिस्त्रीनं त्यांचंच घमेलं मागून घेतलं आणि सेंट्रिंगच्या पत्र्यांवर, सळयांच्या मधोमध, पालथं ठेवलं. त्याच्या भोवतीनं काँक्रीट पडलं की मधे भोक राहणार होतं. स्लॅबच्या दिवशी अर्धं काम झालं, काँक्रीट अजून घमेल्यापर्यंत पोचलं नव्हतं, आणि भुरभुर पाऊस आला. सगळे खाली आडोशाला उभे राहिले. थोड्या वेळात ऊन पडलं... आणि बाई उठल्या, शिडीनं वर गेल्या, घमेलं काढून बाजूला ठेवलं आणि खाली येऊन मजुरांच्या चहाला लागल्या. इतक्या वर्षांचा हात, त्यानं डोक्याला विचारलंच नाही. मजूर वर चढले. मोकळं घमेलं दिसलं, कुणीतरी त्यातच काँक्रीटचा माल वाहिला आणि ती जागा भरून टाकली.

संध्याकाळी कळलं तेव्हा बाई आधी खूप हसल्या. "माह्याच हातानं झालं की गं!" मग पदर तोंडाला लावून न्हाणीकडं गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. दादा, म्हणजे माझे मोठे दीर, म्हणाले, "पावसाळा होऊ दे, मशीननं कापून घेऊ." पावसाळा झाला, पण तोवर बाईंचं पोट दुखायला लागलं होतं. नांदेडच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला, तोही फार पुढं गेलेला. स्लॅब कापण्याचं मग कुणाच्या ध्यानात राहणार?

बाकीच्या खोल्यांत फरशीचं काम चालू होतं, म्हणून त्यांची खाट स्वयंपाकघरात टाकली. चूल जाऊन तिथं ग्रॅनाइटचा ओटा आला होता, तरी त्या कोपऱ्याला आम्ही दोघी चूलच म्हणत होतो. ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात सकाळ काय आणि संध्याकाळ काय. मला त्या ट्यूबलाइटचा इतका राग यायचा! शेवटी शेवटी औषधाच्या गुंगीत त्या विचारायच्या, "उजेड कुठवर आला गं?"

मी म्हणायचे, "चुलीपाशी आला, बाई."

"मंग सुनंदा येऊन राहिली असंल. च्या ठेवते." आणि उठायला बघायच्या. मी त्यांचा हात धरून तिथंच बसलेली असायचे... मीच सुनंदा आहे, हे मला कधी सांगता आलं नाही. त्या माझी वाट बघत होत्या, ती कशी मोडायची?

बाईंचा जलदान विधी झाला, पाहुणे गेले. मग एका रविवारी नितीन हिंगोलीहून मशीनवाल्याला घेऊन आला. दिवसभर घर थरथरत होतं, नव्या फरशीवर पुन्हा धूळ. कापलेला गोल तुकडा दोरानं खाली उतरवला तेव्हा दादा भिंतीकडं तोंड करून उभे होते. ते घमेलं आता जिन्याशी असतं. ढग आले की वर मी जाते.

परवा शाळेतून आले तर घरात कुणी नव्हतं. खाट काढली तिथली फरशी मोकळी होती. चहाचं पातेलं ओट्यावर कोरडं, पालथं. ऊन सरकत सरकत ओट्याच्या खाली, चुलीच्या कोपऱ्यात येऊन थांबलं होतं.

मी पिशवी खाली ठेवली. "बाई," म्हटलं, "आले मी."