डब्यात उरलेला चिंचोका

आमच्या बालवाडीच्या बाई गेल्याची खबर आली तवा मी एका पोट्ट्याच्या चड्डीचा नाडा सोडून राहिलो होतो. गाठ अशी घट्ट बसली होती का बोटानं सुटेना, दातानं सुटेना, अन् पोट्टं तर एका जागी नाचून राहिलं होतं. तेवढ्यात बाईचा नातू सायकल घेऊन बालवाडीच्या दारात उभा. घामानं थबथब. पार बेसा गावापासून सक्करदऱ्यापर्यंत पायडल मारत आला होता. म्हणे, "काका, आजी गेली. काल दुपारी झोपली ते उठलीच नाही. अकरा-साडेअकराले नेणार हायेत. चाला." मी नाड्याकडं पाह्यलं, नातवाकडं पाह्यलं... अन् मंग चिंचोक्याच्या डब्याकडं पाह्यलं. त्या दिवशी नवीन मॅडम रजेवर होत्या. खोलीत मी एकटा अन् एकोणीस लेकरं. म्हटलं, "तू जाय बापू. मी आलोच."

आलोच म्हणणारा माणूस एक वाजता पोहोचला. बारापर्यंत मायबाप येत राहिले, एकेक लेकरू जात राहिलं, अन् डबा रिकामा झाल्याशिवाय मले निघता येत नव्हतं. घाटावर गेलो तवा लोकं हातपाय धुऊन परत येऊन राहिले होते. एक जण म्हणे, "काहून गा डोमा, एवढा जवळचा तू, अन् आत्ता उगवला?" मी सांगतलं, सायकलची चैन पडली होती. साफ खोटं. पण भर उन्हात त्याइले चिंचोक्याची गोष्ट कुठून सांगत बसू? आता तीन हप्ते झाले, तर सांगतो. लिहिणारा आमच्याच बालवाडीतला जुना पोट्टा हाये. मी बोलतो, तो लिहिते. मी मधातच थांबलो का तो तीन टिंबं देते.

मी कुहीकडच्या एका खेड्यातला. घरी धानाची शेती, भाऊ चार, अन् सगळ्यात बिनकामाचा मी. शाळेत दोनच दिवस गेलो. पहिल्या दिवशी रस्ता चुकलो. दुसऱ्या दिवशी शाळा बरोबर सापडली, पण इतवार निघाला. तिथं माझं शिक्षण संपलं. मंग नागपुरात येऊन सायकलरिक्षा ओढाले लागलो. सत्तर सालच्या आसपास बाईनं मले कामाले लावलं, लेकरं घरून आणाची अन् नेऊन सोडाची. बाईची बालवाडी म्हणजे सक्करदऱ्याच्या तलावामांगं एक खोली, वर कवेलूचं छप्पर, खाली शेणानं सारवलेली जमीन. बाईनं छप्पन साली बापासंगं दीक्षा घेतली होती, मंग शिकल्या, बालवाडीचं ट्रेनिंग केलं, अन् जिथं कोणी बालवाडी काढली नव्हती तिथं येऊन काढली. आवाज बारीक, अन् मोठ्यानं बोललेल्या मी कधी ऐकल्या नाहीत. मले तर आवाजाशिवाय दुसरं काही येतच नव्हतं.

वर्षभरात आमच्या मदतनीस पोरीचं लगन झालं, ते गेली. दुसरी कोणी भेटेना. एका सकाळी मी लेकरं उतरवली अन् रिक्षा वळवत होतो तर बाई म्हणे, "डोमा, आत ये."

"मी? मी रिक्षा ओढतो बाई."

"दारापर्यंत आणतोच ना लेकरं? आणखी चार पावलं आण."

"मले लिहिता-वाचता नाही येत."

"त्याइले तरी कुठं येते? बस त्याइच्यात."

तिथं माझी भरती झाली. अठ्ठावीस वर्षांचा मिशीवाला माणूस बालवाडीत उमेदवार. पानठेल्यावर तर लोकाइची दिवाळीच झाली. "ओ डोमाबाई, एखादी अंगाई होऊन जाऊ द्या!" "काहून बे, आज दूध पाजलं का नाही?" लोकं एक बोलत तर मी आपल्याकडून दोन जोडत होतो. म्हटलं, मिशी काढाची ऑर्डर बी आली हाये, लुगडं तेवढं मापाचं भेटून नाही राहिलं. लोकं हासत, मी बी हासत होतो. दुसऱ्यानं आपल्याले येडा म्हणाच्या आधी आपणच म्हणून टाकाचं, ही माझी लहानपणापासूनची पद्धत.

पहिले पंधरा दिवस बाईनं मले काहीच करू दिलं नाही. फक्त बस म्हणे. "तू उभा राह्यला का लेकराले तुझे गुडघेच दिसतात. गुडघ्यासंगं कोण बोलन?" मी बसलो. माझे पाय असे दुखले का सक्करदऱ्याहून सीताबर्डीले दोन शेटाणी ओढून नेल्या तवा बी दुखले नव्हते. लेकराचा हात धरून ओढाचं नाही, आपलं बोट पुढं कराचं, त्यानं धरलं तर धरलं. नाक पुसाचं तर समोरून, मांगून येऊन नाही. अन् रोज बारा वाजता, लेकरं गेल्यावर, बाई मले एकच सवाल विचारत, "आज काय पाह्यलं?" ट्रेनिंगच्या पोरी येत होत्या, त्या वहीत लिहून देत. माझी वही म्हणजे तोंड. पहिल्या दिवशी मी सांगतलं, "नाक." म्हणे, कोणाचं? म्हटलं, सगळ्याइचंच. बाई हासल्या नाहीत. म्हणे, "उद्या एकच लेकरू पाह्यजो."

माझ्या अंगात एकच कला होती, हासवाची. नवीन पोट्टं रडाले लागलं का मी लगेच माकड होत होतो, कान हालवत होतो, पडून दाखवत होतो. पोट्टं गप व्हाचं, मी खूश. एकदा बाईनं मले बाजूले बोलावलं. म्हणे, "त्याची माय आत्ताच घरी गेली. त्याले रडू दे ना थोडं."

"पण रडून राहिलं ना बाई..."

"ते रडून राहिलं, अन् सहन तुले होत नाही. तू त्याच्यासाठी नाही, आपल्यासाठी माकड होतो." मले राग आला. एवढं पडून दाखवलं, कंबर मोडली, अन् वरून हे! पण दुसऱ्या दिवशी त्याच्याजवळ नुसता बसलो. लय वेळ रडलं ते. मंग आपोआप माझ्या मांडीवर येऊन बसलं. मी काही केलंच नव्हतं. काही न करता थकतो माणूस, हे तवा कळलं.

आता चिंचोक्याचं सांगतो. खोलीत खुंटीले एक थैली टांगली होती, चिंचोके भरून. सकाळी आलेल्या लेकरानं थैलीतून एक चिंचोका काढाचा अन् बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाचा. टण् वाजे. म्हणजे मी आलो. घरी जाताना डब्यातून एक काढाचा अन् थैलीत टाकाचा. म्हणजे मी चाललो. डबा रिकामा झाला का कुलूप. लिहिलेली हजेरी बाई घेत, पण ही लेकराइची स्वतःची होती. अन् खरं म्हणजे माझ्यासारख्या अडाण्याची. पहिल्याच दिवशी बाईनं मले बी एक चिंचोका दिला होता. "तू बी शिकालेच आला ना? टाक." मले शरम वाटली, पण टाकला. सगळ्याइच्या शेवटी डब्यात उरे तो माझा.

मी दुसऱ्या वर्षात होतो. शालू नावाची पोट्टी होती, चार वर्षांची. तिची माय बांधकामावर रेजा, विटा वाहे. बाप नव्हता. बारा वाजता शेजारची एक मोठी पोरगी तिले न्याले येत होती. एक दिवस मी बाईले सांगतलं होतं, "आज शालू पाह्यली. गलका झाला का ते गुंडाळल्या सतरंजीच्या मांगं जाते अन् झोपून जाते. भेव वाटलं का झोप लागते तिले." बाईचा चेहरा असा फुलला! म्हणे, "हे पाहाले ट्रेनिंगच्या पोरीइले दोन दोन वर्षं लागतात डोमा." मी त्या दिवशी पानठेल्यावर स्वतःवर एक बी जोक केला नाही.

मंग हिवाळ्यात, बालवाडीले पैसे देणाऱ्या महिला मंडळाच्या बायका बालवाडी पाहाले आल्या. ढोलकी आणली, टाळ्या, गाणे, लेकराइचा नाच. खोलीत कान फाटाची वेळ. कार्यक्रम झाल्यावर बाई त्याइच्यासंगं गेल्या अन् कुलूप-चावी पहिल्यांदा माझ्या हातात आली. लेकरं गेली. शेजारची पोरगी आली, तिले शालू दिसली नाही, तिले वाटलं माय घेऊन गेली, ते तशीच परतली. शेवटी मी डब्यात पाह्यलं तर दोन चिंचोके. एक माझा. दुसरा?... मी म्हटलं, दुसरा बी माझाच असन. आपलं डोस्कं कवाचं बरोबर चालते? सकाळी दोन टाकले असन येड्यानं. हासू बी आलं मले. दोन्ही खिशात टाकले अन् कुलूप लावलं.

तीन वाजता मी पानठेल्याजवळ रिक्षात आडवा होतो. पोरगी घरी पोहोचलीच नाही म्हणून शालूची माय धावत आली, अंगावर सिमेंटची धूळ तशीच. मांगं बाई. खोलीपाशी पोहोचलो तर आतून रडाचा आवाज येऊन राहिला होता. मी कुलूप उघडलं. शालू मधात बसली होती, चड्डी ओली, समोर रिकामा डबा. मायनं उचललं तर ते मायच्या खांद्यावरून डब्याकडं बोट दाखवून राहिली. "माहा चिंचोका नाही. माहा चिंचोका नाही वं." तीन तास ते घरी जाऊ शकत नव्हती, कारण तिचा चिंचोका डब्यात नव्हता. तो माझ्या खिशात होता.

मी तोंड उघडलं. जी सवय होती तीच बाहेर आली. "काय सांगू वं, माझं डोस्कं म्हणजे..." बाई म्हणे, "डोमा. आज हासवू नको. सांग तिले." मी खिशातून काढून दाखवला. सांगतलं सगळं, एक बी शब्द वाकडा न करता. सांगाले दोन मिनिटं लागली असन. जनम गेल्यासारखं वाटलं. वाटलं, आता शालूची माय चप्पल काढन, अन् काढावी. तिनं पोरीचं नाक पदरानं पुसलं, माझ्या हातातला चिंचोका घेऊन पोरीच्या मुठीत दिला. म्हणे, "भांडाले बी ताकद नाही गा माझ्यात. उद्या कामावर जाच लागते. आठाले आणीन हिले. पाह्यजो." अन् गेली. मारलं असतं तर मी त्याचा बी जोक केला असता. "पाह्यजो" चा काय करू?

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बायका म्हणाल्या, ह्याले काढा. बाईनं सांगतलं, चावी मी त्याच्या हातात देऊन तुमच्यासंगं फिराले गेली, तर पहिले मले काढा. मी खूश झालो, वाटलं सुटलो. बारा वाजता बाईनं मले समोर बसवलं. "तू स्वतःले येडा म्हणतो, लोकं हासतात, मी बी हासते. पण काल तो चिंचोका तुले खरं सांगून राहिला होता, एक लेकरू आत हाये. शालू कुठं लपते हे बी तुलेच माहीत होतं, मले तूच सांगतलं. अन् तू काय म्हटलं? मीच चुकलो असन. स्वतःले येडा म्हणून घेणं लय सोपं हाये डोमा. मंग उठून पाहा लागत नाही." जमिनीवरच्या सारवणाच्या बोटाच्या रेघा अजून आठवतात मले... "आजपासून माझ्या-तुझ्याशिवाय एक बी उरला तर अख्खी खोली पाहाची. हात लावून पाहाची. दारामांगं, सतरंजीमांगं, सगळीकडं." त्या दिवसापासून थैलीतून एक चिंचोका बाई बी टाकाले लागल्या.

मंग वर्षं गेली. किती लेकरं आली, त्याइचे नाक, त्याइचे नाडे. माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या, गुडघे असे झाले का खाली बसलो तर उठाले दोन पोट्टे लागतात. बाई निवृत्त झाल्या अन् पोराकडं बेसा गावाले राहाले गेल्या. निरोपाच्या दिवशी मंडळानं शाल दिली. मी काय देणार? जुना डबा दिला, बुडाले गंज चढलेला, आत एक चिंचोका. आम्ही नवा डबा आणला होता. तो प्लॅस्टिकचा, टण् वाजत नाही.

शेवटची भेट उन्हाळ्यात झाली. बाई खाटेवर पडून होत्या. म्हणे, "आज काय पाह्यलं?" मी एका पोट्ट्याचं सांगत होतो, जे सगळ्याइले पाणी देते अन् स्वतः पीत नाही. अर्ध्यातच माझा दम सरला. म्हटलं, "थकलो बाई." म्हणे, "मी बी." मंग मी खाटेच्या आणखी जवळ सरकलो. हासवाले बी गेलो नाही. आपोआप बसता येत होतं मले आता.

मांगच्या इतवारी बाईच्या घरी गेलो. सूनबाईनं चहा ठेवला अन् खोली दाखवली. खाट उभी करून भिंतीले टेकवलेली. खिडकीत डबा. सूनबाई म्हणे, "काका, हे घेऊन जाता का? आई रोज सकाळी उठल्या का त्याच्यात एक चिंचोका टाकत, अन् रात्री झोपताना काढून उशाशी ठेवत. आम्ही म्हणत होतो, म्हातारपणाचा खेळ." मी झाकण उघडलं. आत एक होता. त्या सकाळी टाकलेला. रात्री काढाले कोणी नव्हतं.

मी खाटेमांगं पाह्यलं. दारामांगं पाह्यलं. कोपऱ्यात सतरंजी गुंडाळून ठेवली होती, तिच्यामांगं हात घालून पाह्यलं. गुडघे कडकड वाजले.

सूनबाई म्हणे, "काका, काय शोधून राहिले?"

"काही नाही वं..."

चहा गार होऊन गेला. डबा मी आणला नाही. झाकण लावलं अन् होता तिथंच खिडकीत ठेवला, आत एक चिंचोका तसाच.