धवला कोन धरंल?

अलिबागेजवळ थळच्या पाठीमागच्या खारपाटात, खाडीकाठच्या त्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, ठमाबाईशिवाय लग्न लागत नसे. भटजी आला तर आला, नाही आला तर त्याच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. पण आगऱ्यांच्या मांडवात धवलारीण हवीच. मांडवात उंबराची फांदी रोवण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं वेगळं, त्याला म्हणायचं धवला, आणि तो सगळा तिच्या मुखात. तिनं एक ओळ म्हणायची, मागं बसलेल्या बायांनी तीच ओळ उचलायची, मग तिनं पुढची. अडीच-तीन तास सुद्धा चालतं असं. आणि एकदा सुरू झालेला धवला मधेच तुटता कामा नये. तुटला की नवरानवरीच्या संसाराला अपशकुन, हे लहान पोरालाही ठाऊक.

ठमाबाईचा आवाज असा, की मांडवात पहिली ओळ सुटली की खाडीच्या बांधावरचा माणूस हातातलं फावडं टेकून उभा राहायचा. आणि जीभ? जिभेचं काय विचारता! मागं बसणाऱ्या बायांची तिच्यापुढं तोंड उघडायची टाप नव्हती. मनुबाई म्हणून एक होती, तिच्याच भावकीतली, गळ्याची गोड. एका लग्नात तिनं उत्साहाच्या भरात पुढची ओळ ठमाबाईच्या आधीच उचलली. ठमाबाईनं धवला संपेपर्यंत दम धरला आणि मग भर मांडवात विचारलं, "धवलारीन कोन? तू का मी? मंग मी घरी जाऊन भात कांडू काय?" मनुबाई रडत घरी गेली. त्या दिवसापासून ठमाबाईच्या आधी ओठ हलवायची हिंमत कुणी केली नाही. ठमाबाईला हे फार बरं वाटलं. आपला दरारा आहे, आणखी काय पाहिजे माणसाला?

देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. दयारामच्या पोरीची हळद होती. संध्याकाळची वेळ, मांडव माणसांनी गच्च, नुकत्याच पेटवलेल्या गॅसबत्तीचा फुस्सफुस्स आवाज. ठमाबाई रंगात आली होती आणि एकाएकी तिचं काळीज धाडधाड उडायला लागलं. कारण ना काही! हाताला मुंग्या आल्या, घशाला कोरड पडली, श्वास आत जातोय की नाही ते कळेना. एकच गोष्ट तिला लख्ख कळली: आपण मरतोय. आता, इथंच, या पाटाजवळ. ओळ अर्ध्यावर राहिली.

मांडव गप्प. मागच्या बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. गॅसबत्ती तेवढी बोलत होती. ठमाबाईचा नवरा रावजी धावला, त्यानं तिला उचलून बाहेर नेलं, पाणी पाजलं. थोड्या वेळानं सगळं होतं तसं झालं. बाई धडधाकट! पण धवला तुटला तो तुटलाच.

दयारामच्या पोरीचं पुढं काय झालं म्हणाल तर काही झालं नाही. नवरा चांगला निघाला, जुळे मुलगे झाले, घरात आनंदीआनंद. पण ते कोण लक्षात ठेवतो? लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की ठमाबाईचा धवला तुटला.

आणि ते दुखणं गेलं नाही. लावणीच्या चिखलात उभी असताना आलं. विहिरीवर आलं. भाकरी थापताना आलं, तेव्हा पीठ तसंच परातीत टाकून ती अंगणात पळाली आणि कुडाला धरून उभी राहिली. रावजी बिचारा कुठंही जाताना तिच्यामागं पाण्याचा तांब्या घेऊन फिरायला लागला. लोक हसायचे त्याला. त्यानं कधी मनावर घेतलं नाही.

आधी दोघं गुणाजी भगताकडे गेली. त्यानं तांदूळ टाकून बघितलं, वेशीवरचं काही लागलंय म्हणाला, कोंबडा घेतला, अंगारा दिला. तीन-चार महिने खरंच बरं वाटलं. ठमाबाईनं देवीला साडीचोळी केली. साडीची घडी मोडते न मोडते तोच दुखणं परत हजर! मग रावजीनं हट्ट धरला आणि तिला अलिबागेला कर्णिक डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर भला माणूस. घाई नाही, वसकन अंगावर येणं नाही. छातीला नळी लावून पुन्हा पुन्हा ऐकलं आणि म्हणाले, "बाई, काळीज तुमचं ठणठणीत आहे. यानं तुम्ही मरणार नाही. ही धास्ती आहे. खोटी नव्हे, पण धास्ती." झोपेचं औषध दिलं, पुड्या दिल्या. श्वास सावकाश सोडायला शिकवलं: घ्यायची घाई करू नका, सोडताना लांबवा. ठमाबाईला हे लगेच जमलं. धवला म्हणणारीला श्वास लांबवायला काय शिकवायचं!

दर महिन्याला अलिबागेची फेरी सुरू झाली. दिवाळीपर्यंत निम्म्यानं दुखणं कमी झालं. ठमाबाई परत लग्नांना जायला लागली, लहानसहान विधी म्हणायला लागली, आणि मनात धरून चालली की शिमग्यापर्यंत आपण साफ बऱ्या. पण शिमगा आला, गेला, आणि दुखणं जिथं होतं तिथंच. ना कमी, ना जास्त. पुड्या बदलून झाल्या. पथ्य झालं. पुढं पाऊल पडेना. दोन महिने सुखात जायचे आणि तिसऱ्याला, चांगली गप्पा मारत बसलेली असताना, मेलं परत यायचं. तिला रडू यायचं ते दुखण्याचं नव्हे, परत आलं याचं.

अशात यसूचं लग्न ठरलं.

यसू ठमाबाईच्या बहिणीची पोर. बहीण बाळंतपणातच गेली, तेव्हा ठमाबाईनं पोरीला पदराखाली घेतलं होतं. स्वतःला मूल नाही. यसू हेच तिचं मूल. पोरगी रांगत होती तेव्हापासून ठमाबाई सांगत आली होती, "माझ्या यसूचा धवला मी असा म्हनन, असा म्हनन, का मुंबईपातूर ऐकू जाईल!" स्थळ मांडवा गावचं आलं, चांगलं, खाऊनपिऊन सुखी. सगळं जुळलं आणि मग बैठकीत नवऱ्या मुलाची आत्या पान चघळत म्हणाली, "धवलारीन आमी आमची आनू. तुमच्या बाईचा धवला तुटतो आसं आयकलाय."

रावजीच्या तोंडचं पाणी पळालं. ठमाबाई काही बोलायच्या आत यसू आतून बाहेर आली. लग्नाची पोर, खाली मान घालून बसायचं सोडून सरळ म्हणाली, "धवला माझी मावशी म्हनंल. दुसरी कोन आली तर मी हलद लावून घ्यायची न्हाय." आत्याचं पान तोंडातच राहिलं. पाहुणे नाकं मुरडत का होईना, कबूल झाले.

ठमाबाईला आनंद व्हायला हवा होता. भरली ती धडकी. पोरीनं आपल्यासाठी शब्द टाकला. उद्या तिच्याच हळदीला आपण मधेच थांबलो तर? सासरची माणसं जन्मभर तिला ऐकवतील. घरात काही झालं, दूध नासलं तरी म्हणतील, धवला तुटलेली सून.

ती डॉक्टरांकडे गेली. म्हणाली, "असं औषध द्या का त्या दिवशी यायलाच नको." डॉक्टरांनी गळ्यातली नळी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "बाई, खोटं सांगत नाही. आपण जिथवर आलोय त्याच्यापुढं मला सध्या तरी रस्ता दिसत नाही. येणारच नाही असं मी म्हणू शकत नाही. आलं तर भांडू नका त्याच्याशी. येतं तसं जातं, तुम्हीच बघितलंय."

ठमाबाई उसळली. "जातं, ठाव हाय मना! पन ते जाय तवर धवला कोन धरंल? तुमी येनार?"

डॉक्टरांना हसू आलं. "मला गळा नाही. पण तुमच्या मागं इतक्या बायका बसतात, त्यांतल्या कुणाला येत नाही?"

"त्या मागं म्हनतात," ठमाबाई ताठ मानेनं म्हणाली. "पुढं न्हाय."

एसटीत परत येताना मात्र डॉक्टरांचा तो प्रश्न तिला सोडेना. थळच्या फाट्यावर उतरली ती घरी न जाता तडक मनुबाईच्या दारात. मनुबाई सुकट निवडत होती. ठमाबाईनं बस म्हणायचीही वाट पाहिली नाही.

"दयारामच्या मांडवात मी थांबले तवा तू का न्हाय धरलास? तुना येत व्हता ना धवला?"

"येत व्हता," मनुबाई सुपावरून नजर न काढता म्हणाली. "आख्खा येतो. इतकी वर्सं मागं बसले, न्हाय कसा येनार?"

"मंग?"

"मंग काय, ठमाबाय? तुझ्या आधी मी तोंड उघडला असता तर तू मना परत मांडवात बसू दिली असतीस काय?"

त्या दिवशी मांडवात पसरलेली ती शांतता ठमाबाईला आठवली. दुखण्यानं तिची एक ओळ अडवली होती. बाकीचा धवला तिनंच, कित्येक वर्षं आधी, सगळ्यांच्या घशात अडकवून ठेवला होता. हे तिला कळलं, पण कळलं म्हणून लगेच तोंडातून थोडंच निघतं? ती "बघू" एवढंच म्हणाली आणि चालू पडली. माणसाचा ताठा असा लगेच वाकत नाही.

हळदीचा दिवस आला. दिवस कलता कलता मांडव भरला. मांडव्याची आत्या पुढंच येऊन बसली होती, ऐकायला नव्हे, तुटतो कधी ते बघायला. यसू पाटावर बसली. मागं बाया बसल्या, आणि मनुबाई नेहमीसारखी ठमाबाईच्या उजव्या हाताला, अर्धं पाऊल मागं. रावजी खांबाजवळ, तांब्या हातात.

ठमाबाईनं पहिली ओळ सोडली. आवाज पूर्वी होता तसाच! दुसरी, दहावी, विसावी. पाच सवाष्णी हळद लावायला वाकल्या आणि तेव्हाच ते आलं. आधी बोटांना मुंग्या. मग काळीज. तिनं श्वास लांब सोडला, तरी येतच राहिलं. मांडवाचं छप्पर खाली येतंय असं वाटायला लागलं. पळ, बाहेर पळ, जीव वाचव! समोर यसू, कपाळाला हळद, आणि डोळे मावशीवर. पोरीला कळलं होतं.

एक ओळ कशीबशी पुरी झाली. बायांनी ती उचलली. त्या ओळ म्हणतील तेवढाच काय तो वेळ होता. ठमाबाईनं उजवीकडे हात टाकला, मनुबाईचं मनगट घट्ट धरलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मनू, माझा जीव घाबरा झालाय. पुढं हो!"

मनुबाईनं क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग अर्धं पाऊल पुढं सरकली आणि पुढची ओळ उचलली. आवाज कापला, पहिल्याच ओळीला कापला, पण ओळ पडली नाही. बायांनी ती झेलली. धवला चालू राहिला.

ठमाबाई तिथंच बसली होती. मनगट सोडलं नव्हतं. काळीज उडत होतं, घाम वाहत होता, मरण समोर उभं होतं आणि धवला तिच्याशिवाय चालला होता. तिनं भांडायचं सोडून दिलं. मनुबाई ओळ म्हणायची, बाया उचलायच्या, आणि त्यांच्या लांबवण्याबरोबर ठमाबाई नुसता श्वास सोडायची. काही वेळानं त्या श्वासात थोडा आवाज आला. मग शब्द आला. आयुष्यात पहिल्यांदा ती दुसऱ्या बाईच्या मागून धवला म्हणत होती. यसूच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि हळद गालावरून खाली उतरत होती.

दुखणं ओसरलं. मनुबाईनं वळून बघितलं, घे आता. ठमाबाईनं मान हलवली. हळद उतरेपर्यंत ती मागंच राहिली.

दुखणं पुढंही यायचं. वर्षातून कितीदा तरी, तिच्या म्हातारपणापर्यंत. आलं की मांडवात तिचा हात उजवीकडे जायचा, मनुबाई पुढं व्हायची, गेलं की ठमाबाई परत पुढं. खारपाटात नंतर लोक आमंत्रण द्यायला यायचे ते दोघींनाच. पण हे पुढचं. त्या दिवशी हळद आटोपल्यावर मांडव्याची आत्या जवळ आली. बघितलेल्या इतक्या लग्नांत तिनं असलं कधी पाहिलं नव्हतं. तिनं मनुबाईला विचारलं, "तुमच्यात धवला दोघी म्हनतात काय गो?"

मनुबाईनं सवयीनं ठमाबाईकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बगतेस?" ठमाबाई म्हणाली. "तुना इचारलाय. सांग तू."

"व्हय," मनुबाई म्हणाली. "आमच्यात असाच हाय."