धावत आलेला जावई

आमच्या पवनीकडे अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस कारणाशिवाय धावत नाही.

मी मात्र धावायला लागलो होतो. (साड्यांच्या दुकानात बसून बसून गादी कुठली आणि मी कुठला हे गिऱ्हाइकाला कळेनासं झालं होतं, म्हणून!) नागपूरच्या मॅरेथॉनमध्ये नावही घातलं. आणि नेमकं त्याच रविवारी बायकोच्या भाचीचं साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) ठरलं! घरात दोन दिवस फक्त भांडी बोलत होती.

शेवटी बायकोनेच तोड काढली.

"माह्या भावाच्या घरापर्यंत बारा किलोमीटर हाय. न थांबता धावत या. आले, तर जा मॅरेथॉनले. मधात थांबले, तर मुकाट्यानं साक्षगंधाले चाला."

आणि निकाल लावायला आदल्या दिवशीच माहेरी जाऊन बसली. मला ती मॅरेथॉन मनापासून पळायची होती हो! लग्नानंतर स्वतःसाठी मागितलेली ती पहिलीच गोष्ट.

सकाळी सहाला निघालो. आता आमच्याकडे एकदा लेक दिली की जावई एका घराचा राहत नाही, अख्ख्या गावाचा होतो. तो पायी आला तरी गावाची मान खाली जाते; मी तर धावत निघालो होतो! पाचव्या किलोमीटरला सासुरवाडीच्या एकाने मोटारसायकल आडवी घातली.

"बसा, जवाईबापू."

"नको. धावून राहिलो." (मी जागच्या जागी उड्या मारत होतो. थांबलो असतो तर संपलंच!)

"ते दिसून राहिलं. पण काहून?"

"असंच."

"असंच कोण धावते बाप्पा? घरी सारं बरं हाय ना? भांडण झालं का? साखर निघाली का?"

एक किलोमीटरभर तो माझ्या बाजूने गाडी चालवत माझे आजार मोजत होता. मग म्हणाला, "जातो मी. इतक्या हळू चालवली तं गाडी बंद पडून राहिली."

दहाव्या किलोमीटरला जंगल लागतं. रस्त्याकडेच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, धानाची कापणी चालली होती. त्याच आठवड्यात वाघाने तिथून एक गोऱ्हा उचलला होता. हे मला माहीत होतं. धावताना आठवत नव्हतं, इतकंच. शेताच्या धुऱ्यावर सासुरवाडीचे दशरथकाका उभे होते.

"जवाईबापू! काहून पळून राहिले?"

तोंडातून शब्द फुटेना. 'परत येताना सांगतो' अशा अर्थाने मी नुसता मागे हात केला. चेहरा मात्र दहाव्या किलोमीटरचा होता!

"वाघ!" काका ओरडले. "जवाईबापूच्या मांगं वाघ हाय! पळा वो, पळा!"

बायांनी विळे टाकले, गड्यांनी डबे टाकले, आणि सगळी बांधी रस्त्यावर येऊन गावाकडे सुटली. आणि मी? मीही मागे न बघता जीव घेऊन पळालो. मला वाटलं, काकांना दिसला असेल!

एकेक जण मला मागे टाकत गेला. बायकोची तुळसाआत्या सत्तरीची. एरवी माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. ती कासोटा खोचून, अनवाणी, माझ्या कानाशी ओरडली, "बाजूले व्हा, जवाईबापू!" आणि निघून गेली.

मी साळ्याच्या दारात पोचलो तेव्हा निम्मं गाव माडीवर चढलं होतं आणि वनरक्षक वही उघडून उभा होता.

"वाघ कोणं पाहिला?"

सगळ्यांनी काकांकडे बोट दाखवलं. काकांनी माझ्याकडे.

"मी? मी तर तुमचं ऐकून पळालो!"

"मंग त्याच्या आधी कायले पळून राहिले होते?"

"मॅरेथॉनसाठी. बेचाळीस किलोमीटर धावायचं असतं."

वनरक्षकाची लेखणी थांबली. त्याला मनापासून जाणून घ्यायचं होतं.

"अन् मांगं काय असते?"

"काही नाही."

अख्ख्या गावाने दयेने माझ्या बायकोकडे पाहिलं.

मी घाईघाईने मोबाइल तिच्यासमोर धरला. "हे बघ! बारा किलोमीटर! एकदाही थांबलो नाही!"

तिने आकडा नीट पाहिला. ती खोटं बोलणारी बाई नाही.

"झाले बाप्पा बारा. पण वाघाच्या भेवानं झाले. नागपूरले तुमच्या मांगं वाघ कोण सोडन?" मग तिने ओसरीवर शांतपणे सुपारी कातरत बसलेल्या तुळसाआत्याकडे पाहिलं. "तुम्ही साक्षगंधाले चाला. मॅरेथॉनले आत्याले पाठवू."

वाईट वाटलं, पण मी वाद घातला नाही. कुठल्या तोंडाने घालणार? त्या दिवशी वाघ खरा असता, तरी गावातल्या एकाच्याही केसाला धक्का लागला नसता. सगळ्यात मागे जावई होता!