मोकळे राहिलेले सात टाके

सोलापुरात घोड्याला घोडा आणि मोटारीलाही घोडाच समजणारा माणूस एकच होता, आणि तो आमच्या टांगा-अड्ड्यामागच्या बोळात राहत होता. मी त्यांचं नाव लिहीत नाही. सगळं गाव त्यांना खोगीरवाले चाचा म्हणत असे, तेवढं पुरे. नाव लिहिलं नाही की माणूस सुरक्षित राहतो, अशी माझी एके काळी समजूत होती. ती कशी मोडली तेच सांगायला बसलो आहे.

चाचांचं सारं आयुष्य खोगिरं, लगाम आणि टांग्याचे साज शिवण्यात गेलं. मग गावात मोटारी वाढल्या, टांगे कमी झाले, आणि साठी ओलांडल्यावर चाचा मोटारींच्या स्टिअरिंगवर चामडं चढवू लागले. धंदा बदलला, चाचांनी स्वतः काही बदलायला साफ नकार दिला. स्टिअरिंगला ते लगामच म्हणत. मोटारीजवळ जायचं तर डाव्या अंगानं, हळू, तोंडानं च्यक् च्यक् करत. आधी बॉनेटवर हात फिरवायचा, "बस बेटा, बस," म्हणायचं आणि मगच दाराला हात लावायचा. मागच्या बाजूनं ते कधीच गेले नाहीत. "मागनं गेलं की लाथ मारतंय," असं त्यांचं ठाम मत होतं. अड्ड्यावरचे लोक हसत. एकदा एका उभ्या मोटारीनं मागून असा काही बार काढला की टांग्याची दोन घोडी उधळली आणि आम्ही सगळे भिंतीला चिकटलो. चाचा तेवढे शांतपणे म्हणाले, "बगा! मारली का न्हाय?"

आणखी एक खोड अशी की माणसाच्या पायातलं ते काही शिवत नसत. चामडं तेच, सुई तीच, पण पायताण पुढं केलं की चाचा तोंड फिरवत. मी तेव्हा गिरणी कामगारांसाठी पत्रकं लिहीत असे. माझ्या चपलेचा अंगठा कायम तुटलेला असे आणि मी तो टाचणीनं जोडून हिंडत असे. ते बघून चाचा टोमणा मारत, "गिरणीतल्या हजार मानसांचे हाल लिवतो, आनि सोताच्या पायाला टाचनी टोचती ते दिसंना!" मी म्हणे, "मग द्या की शिवून." त्यावर ते म्हणत, "मी जनावरांचा कारागीर हाय. तू अजून तेवढा सुदारला न्हाईस."

पण खरा विक्षिप्तपणा मापाचा. एक वकीलसाहेब नवी मोटार घेऊन आले, खिशातून टेप काढून म्हणाले, "स्टिअरिंगच्या चाकाचं माप घ्या, संध्याकाळी चढवून द्या." चाचांनी विचारलं, "चालवनारा कुटं हाय?" वकील म्हणाले, तो घरी आहे, त्याचं काय काम? "हात बगायचेत." वकीलसाहेब चिडले. "चाक गोल आहे हो! त्याला हाताशी काय करायचंय?" चाचा म्हणाले, "चाक समद्यांचंच गोल असतंय, वकीलसाहेब. हात गोल नसतोय." वकिलांना मोटार वळवून ड्रायव्हर आणावा लागला. घोड्याची पाठ बघितल्याशिवाय खोगीर शिवायचं नाही, हा चाचांच्या वडिलांचा नेम. चाचांनी तो तसाच्या तसा मोटारीला लावला होता.

त्याच नेमाचा दुसरा भाग म्हणजे सात टाके. नवं खोगीर घोड्यावर घालताना ते शेवटचे सात टाके मोकळे ठेवत. दोन दिवस घोडा चालला की कुठं घासतं, कुठं सैल पडतं ते कळे. तेवढ्या फटीतून चामडं ओढून किंवा सोडून मग ते टाके घातले जात. स्टिअरिंगलाही तेच. दोन दिवस चालवा, कुठं लागतं ते येऊन सांगा, मग सात टाके. गावात याची थट्टा होती. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची भिंत अर्धी राहिली की लोक म्हणत, चाचांचे सात टाके राहिले वाटतं. म्हणजे हे सात टाके कुणाचे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला त्याचा विचार करायचं सुचलं नाही, एवढंच.

एका गिरणीच्या एजंटसाहेबांकडे, म्हणजे गिरणीचा सगळा कारभार हाती असलेल्या मालकाकडे, सांगोल्याकडचा एक तरुण ड्रायव्हर होता. साहेब कचेरीत पंख्याखाली बसत आणि उघडी मोटार फाटकाशी भर उन्हात उभी राही. सोलापूरचं वैशाखातलं ऊन, त्यात ते काळं, कडक स्टिअरिंग! पोराचे तळवे सोलून निघाले होते. त्यानं साहेबांकडे चामड्याचं कव्हर मागितलं, तर साहेब म्हणाले, "हात एवढे नाजूक असतील तर मेंढरं राख जा." ही गोष्ट चाचांना कळली ती पाणपोईवर. पोरगा पाण्याचं भांडं बोटांच्या टोकांनी धरत होता. चाचांनी त्याचे हात उलटे करून पाहिले आणि त्याला मोटारीसकट दुकानाशी आणलं.

त्या सकाळी मी तिथंच होतो. चाचांनी वरच्या फळीवरून एक जुनं खोगीर उतरवलं. ते त्यांच्या वडिलांच्या हातचं. मागायला आलेल्यांना चाचांनी ते कधी दिलं नव्हतं. त्याचं मऊ झालेलं चामडं त्यांनी कापलं, भिजवलं, ड्रायव्हरची बोटं एकेक करून मापली. मग मोटारीला च्यक् च्यक् करून आत शिरले. ओलं चामडं चाकावर ताणून बसवायचं, आरीनं भोक पाडायचं, मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन सुया दोन्हीकडून एकाच भोकातून काढायच्या आणि दात लावून आवळायचं. शिवण सगळी आतल्या अंगाला, अंगठ्याला लागू नये म्हणून. दुपारपर्यंत ते वाकून होते. पैशाची गोष्ट पोरानं काढली तेव्हा चाचा म्हणाले, "घोडं कदी पैसे देतंय व्हय?" शेवटी सात टाके मोकळे ठेवले, तेवढ्यापुरता दोरा मापून मेण लावला, सुईत ओवला आणि ती सुई आपल्या टोपीच्या काठात खोचून ठेवली. "परवा ये. कुटं लागतंय ते ध्यान देऊन बग. लाजू नको."

"येतो की चाचा," पोरगा म्हणाला, आणि गाडी घेऊन गेला.

मी तोवर पायरीवर बसून पत्रक लिहून काढलं होतं. का लिहू नये? एक मालक, ज्याला आपल्या माणसाचे सोललेले हात दिसत नाहीत. आणि एक म्हातारा कारागीर, जो वडिलांचं खोगीर फाडतो! याहून चांगला मजकूर मला सात जन्मांत मिळाला नसता. नाव कुणाचंच घातलं नाही, तेवढी खबरदारी घेतली. पण शेवटी एक झोकदार वाक्य हवं होतं. मी लिहिलं, "त्या चामड्याचे सात टाके अजून मोकळे आहेत. ते मालकाच्या दयेचे टाके आहेत. ते कधीच पडायचे नाहीत!" वाक्य मला फार आवडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुटताना ते फाटकावर वाटलं, आणि लगोलग जाऊन चाचांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

चाचांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "बेटा, सात कशाला लिवलास?"

"सातच आहेत म्हणून."

"आठ लिवायचं होतंस की."

"खोटं कसं लिहू, चाचा?"

त्यांनी टोपीतल्या सुईला हात लावून बघितला, बस्स. मी हसत होतो. मला वाटलं, म्हाताऱ्याला आकड्यांची गंमत वाटली. आणि दिवस मावळायच्या आत बातमी आली: एजंटसाहेबांनी ड्रायव्हरला फाटकावरच मोटारीतून उतरवलं आणि मेंढरं राखायला पाठवलं. नाव नव्हतंच. सात टाके होते, ते पुरले.

मी चिडलो. माझा तो धंदाच आहे. दुसरं पत्रक काढतो म्हणालो, सभा घेतो म्हणालो. चाचांनी माझा दंड धरून मला खाली बसवलं. "ऱ्हाऊ दे. तू मोठा हो, लई लिव. पन या पोराला आता सोड." रागावले नाहीत. रागावले असते तर मी उलट बोलून मोकळा झालो असतो.

त्यानंतर चाचांचं एक नवंच वेड सुरू झालं. साहेबांची मोटार जायच्या वेळी ते रस्त्याच्या कडेला उभे राहत आणि स्टिअरिंगकडे बघत. नवा ड्रायव्हर तेच चामडं धरून चालवत होता, सात टाके तसेच मोकळे. मी म्हटलं, "चाचा, घालून टाका की एकदाचे." ते म्हणाले, "याच्या हाताचं न्हाय ते. ज्याच्या हातासाटी शिवलं त्यानंच सांगायला पायजे, कुटं लागतंय." मी दिसलो की विचारत, "सांगोल्याकडनं कुनी आलं काय रे?" मी म्हणे, जाऊन येतो, पुढच्या आठवड्यात नक्की. मग संप आला, सभा आल्या, दोन महिने तुरुंगही पाहून झाला. लोकांसाठी मी कुठं कुठं गेलो! सांगोल्याला तेवढं जाणं झालं नाही. माझ्याच पत्रकांत मी अशा माणसांना काय काय म्हटलेलं आहे, ते इथं लिहीत नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला चाचा गेले. कबरस्तानातून परतलो आणि दुसऱ्या दिवशी मी सांगोल्याला गेलो. आता गेलो!

माळावर मेंढरं होती, आणि बाभळीच्या बारीकशा सावलीत तो. मी आधी माफी मागितली. तयार करून नेलेलं भाषण होतं. त्यानं ते मध्येच थांबवून विचारलं, "चाचा बरं हायत न्हवं?" मी सांगितलं. तो काठीनं माती उकरत बसला. मग मी चाचांचा प्रश्न विचारला. म्हटलं, दीड दिवस तू ती गाडी चालवलीस. कुठं लागत होतं?

त्यानं दोन्ही हात पुढं धरले, चाक धरल्यासारखे, आणि डोळे मिटले. माळावर बसल्या बसल्या त्यानं एक वळण घेतलं, मग दुसरं. "कुटंच न्हाय," तो म्हणाला. "कुटंच लागत न्हवतं. त्याच दिवशी जाऊन सांगनार हुतो, टाका म्हनून. पन चाचा म्हनलं हुतं परवा ये."

सोलापूरला उतरून मी थेट बोळात गेलो. चाची दाराशी बसल्या होत्या. खुंटीला चाचांची टोपी होती आणि टोपीच्या काठात ती सुई, दोऱ्यासकट. मी चाचींना सांगितलं, कुठंच लागत नव्हतं. त्यांनी दोनदा मान हलवली. "मला म्हाईत होतं," म्हणाल्या. "त्येंनाच न्हवतं."

मग उठून त्यांनी टोपीतली सुई काढली. दोरा बोटांत ओढून पाहिला. मेण वाळलं होतं, पण दोरा पक्का होता. त्यांची नजर माझ्या पायाकडे गेली, टाचणीकडे.

"पाय इकडं कर," त्या म्हणाल्या. मी नको म्हणालो. "कर रे. त्येंनी पायातलं कदी शिवलं न्हाय. मी शिवते की."

मी चप्पल काढून पुढं केली. चाचींनी टाचणी उपसून रस्त्यावर टाकली आणि सावकाश एकेक टाका घालायला लागल्या. मी मोजत होतो. पाच टाक्यांत अंगठा बसला. तरी त्यांनी आणखी दोन घातले.