दहा नावांचं पान

या सदरातले गूढ अनुभव मी आवडीने वाचते, खोटं कशाला बोलू. शुक्रवारी सुट्टी असली की चहाबरोबर वाचायचे, नवऱ्याला फॉरवर्ड करायचे आणि खाली एक हसरा चेहरा टाकायचा, एवढाच माझा या विषयाशी संबंध. एकोणीस वर्षं नर्सिंग करते, त्यातली निम्मी आयसीयूत. माणसं माझ्या हातांवर गेली आहेत. रिकाम्या खोलीतली बेल वाजताना मीही ऐकली आहे, आणि दरवेळी वायरच खराब निघाली आहे. तेव्हा पुढचं वाचून कोणी हसलं तर माझी तक्रार नाही. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मीही हसले असते.

मी मूळची श्रीरामपूरजवळच्या खेड्यातली. आम्ही चार पिढ्यांचे कॅथलिक. नवरा आणि लेक पुण्यात, मी सात वर्षांपासून रियाधच्या एका खासगी हॉस्पिटलात. स्टाफची बिल्डिंग अल सुलैच्या कडेला आहे. पुढे गोदामं, मागे गोदामं, दिवसभर ट्रेलरची घरघर. दोघींत एक फ्लॅट. माझी आधीची केरळची पार्टनर गेली आणि तिच्या जागी ओक्साना आली. युक्रेनची, फिजिओथेरपिस्ट, पन्नाशीला टेकलेली. पहिल्याच दिवशी तिने माझा गॅस घासून लख्ख केला. मला राग यावा की आनंद व्हावा तेच कळेना.

आमचं बोलणं इंग्रजीत. तिचं तुटक, माझं नगरी. पण जमलं. तिच्या गावचे लोकही आमच्यासारखे पोपला मानणारे, फक्त प्रार्थनेची रीत वेगळी. इथे चर्च नाही, त्यामुळे शुक्रवारी सकाळी दहा वाजता खिडक्या लावून आमच्याच हॉलमध्ये प्रार्थना व्हायची. ओक्साना, मी आणि लेस्या. लेस्याही युक्रेनचीच, एका जॉर्डनी इंजिनियरची बायको. ती दर शुक्रवारी काहीतरी शिजवून आणायची. आणि फोनच्या स्क्रीनवर फादर मिखाइलो. ते ओक्सानाच्या गावचे धर्मगुरू, आता सैनिकांच्या एका दवाखान्यात तळघरात राहून काम करतात. तिकडे वीज नसायची, म्हणून कपाळाला टॉर्च बांधून बसायचे. आम्हाला चेहरा कमी आणि उजेडच जास्त दिसायचा.

त्यांच्यात एक पद्धत आहे. प्रार्थनेत नावांच्या दोन याद्या वाचतात, एक जिवंतांची आणि एक मृतांची. आडनाव नाही, हुद्दा नाही, फक्त नाव. फादरांचा कॉल सारखा तुटायचा म्हणून त्यांनी सांगितलं, नावं तुमच्या बाजूनेच वाचा. ओक्साना वाचायला लागली की तिसऱ्या-चौथ्या नावाला तिचा गळा दाटायचा, कारण सगळी तिच्याच गावची माणसं. एके दिवशी ती मला म्हणाली, "सरला, तू वाच. तू यातल्या कोणाला ओळखत नाहीस. तुझा आवाज अडकणार नाही."

मला तिची लिपी येईना. म्हणून तिने सांगितलं आणि मी देवनागरीत लिहून घेतलं. बथ्थाच्या बाजारातून शाळेची एक वही आणली होती. इथली वही उजवीकडून उघडते. अरबी बाजूने मृत लिहिले आणि आपल्या बाजूने जिवंत. ही ऑक्टोबरची गोष्ट. तेव्हा मृतांचं पहिलं पान भरलं ते दहा नावांनी. पुढे जी नावं आली, आणि येतच राहिली, ती मागच्या पानांवर गेली. जिवंतांत सगळ्यात वर होता आंद्री. ओक्सानाचा धाकटा भाऊ, आघाडीवर होता. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. दर दोन दिवसांनी त्याचा फोन यायचा आणि मला तो "नमस्ते" म्हणायचा, तेही दर वेळी चुकीच्या वेळी, फोन ठेवताना.

फेब्रुवारीत आंद्री बेपत्ता झाला. मृत्यूची बातमी नाही, कैद झाल्याची बातमी नाही, काहीच नाही. बेपत्ता माणूस कुठल्या यादीत घालायचा, हा प्रश्न तिच्या गावात घरोघरी होता. फादर मिखाइलोंनी सांगितलं, खबर येईपर्यंत माणूस जिवंतांत. ओक्सानाने ते घट्ट धरलं. तिच्या समजुतीप्रमाणे जिवंत माणसाला मृतांत वाचणं म्हणजे त्याला आपल्या हाताने तिकडे ढकलणं. मी नावं वाचायचे तेव्हा ती शेजारी बसून आंद्रीच्या नावावर बोट ठेवायची. देवनागरीतला तेवढाच एक शब्द तिला ओळखता यायला लागला होता.

मी मात्र आयसीयूची बाई. दोन महिने झाले, तीन होत आले. एकदा स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता बोलून गेले, "ओक्साना, मनाची तयारी ठेव." ती काही बोलली नाही. ती हातातली भाजी अर्धी निवडून तशीच टाकून उठली. माझ्या मनात आंद्री गेलेलाच होता, हे इथे कबूल करते. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते खोटं नाही. पण मनात येणं वेगळं आणि वहीत लिहिणं वेगळं. ते मी केलं नव्हतं.

त्यांचा ईस्टर होऊन गेला होता. त्या शुक्रवारी माझा डे ऑफ होता, नीट झोप झालेली होती. हे मुद्दाम सांगते, कारण नाइट ड्युटीनंतर मी काय लिहीन आणि काय वाचीन याची मलाही खात्री नसते. फादर स्क्रीनवर होते. जिवंतांची यादी झाली. आंद्रीवर बोट ठेवून झालं. मी वही उलटी केली आणि मृतांचं पहिलं पान वाचायला लागले. आमच्यात शिफ्ट बदलताना एकीने दुसरीला पेशंटची माहिती सांगायची असते, त्याच सुरात मी वाचते. मारिया. स्तेपान. आंद्री. इवान...

प्रत्येक नावानंतर त्या दोघी हळू आवाजात "प्रभू, दया कर" म्हणतात. आंद्रीनंतर ते सवयीने निघालं, पण इवाननंतर कोणीच काही म्हटलं नाही. मी पुढचं नाव वाचणार तोच लेस्याने माझं मनगट धरलं.

"काय वाचलंस?" ओक्साना म्हणाली.

मी पानाकडे पाहिलं. स्तेपान आणि इवान यांच्या मधल्या ओळीवर आंद्री लिहिलं होतं. माझं अक्षर. मी द्री लिहिते तेव्हा वेलांटी रेघेच्या बरीच वर जाते, शाळेत बाई त्यावरून ओरडायच्या, तशीच्या तशी. कुठे कोंबून लिहिलेलं नाही, खाडाखोड नाही, शाई बाकीच्या नावांइतकीच जुनी. 

स्क्रीनवरून फादर म्हणाले, "ओक्साना, वाचताना चूक होते. पुढे वाचू दे तिला." मग कॉल तुटला.

ओक्सानाने वही हातात घेतली. दुसऱ्या बाजूचं आंद्री काढलं, या बाजूचं आंद्री काढलं, पान मागेपुढे करत दोन्ही बघितली. मृतांत दुसऱ्या कोणा आंद्रीचं नाव तिने कधी सांगितलं नव्हतं.

"अक्षर कोणाचं?"

"माझंच आहे. पण मी लिहिलेलं नाही."

"तू म्हणाली होतीस, तयारी ठेव," ती म्हणाली. "तू माझ्या आधीच तयारी केलीस."

लेस्या मधे पडली, म्हणाली चुकून झालं असेल. मी शपथ घेतली. लेकीची शपथ कधी घेत नाही, तीही घेतली. ओक्साना तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. लेस्याने आणलेलं जेवण टेबलावर तसंच राहिलं.

संध्याकाळी मला एक आठवलं. नोव्हेंबर आमच्यात मृतांचा महिना. वही सुरू झाल्यावर मी त्या पहिल्या पानाचा फोटो काढून आईला पाठवला होता – गावच्या चर्चमधल्या मिस्सामध्ये या बिचाऱ्यांचीही नावं घ्या म्हणून. आईने नावं चिठ्ठीवर उतरवून ती गावच्या फादरांना मिस्सापुरती वाचायला दिली होती. फोनमध्ये तो फोटो शोधला. नोव्हेंबरचा, आंद्री तेव्हा दर दोन दिवसांनी फोन करत होता. फोटोत तिसऱ्या ओळीवर आंद्री होतं.

आईला फोन लावला. "आई, ती युक्रेनच्या लोकांची चिठ्ठी आहे का गं अजून?"

"हाय की. प्रार्थनेच्या पुस्तकात ठिवलीय. थांब, चष्मा आणते."

"वाच बरं."

आईने वाचलं. मारिया, स्तेपान, इवान... दहा नावं. आंद्री नाही.

"आता मी पाठवलेला फोटो उघड. त्यात बघ."

नावं पुटपुटत तिने फोटो वाचला. मग म्हणाली, "सरे, हे नाव तवा नव्हतं गं. म्या एकेका नावावर बोट ठिवून लिवलं होतं."

पण फोटो खरा धरला तर पान लिहिलं त्या दिवसापासून ते नाव तिथे होतं. तो माणूस जिवंत असताना, बेपत्ताही नसताना. मी ते पान तीसएक वेळा मोठ्याने वाचलं होतं आणि एकदाही ते नाव माझ्या तोंडून आलं नव्हतं. आईलाही दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओक्सानाला फोटो दाखवला. तिने तारीख बघितली आणि म्हणाली, "म्हणजे तू त्याला नोव्हेंबरातच मारलंस." त्याच आठवड्यात तिने खोली बदलून घेतली आणि दुसऱ्या मजल्यावर गेली. शुक्रवारची प्रार्थना बंद पडली. तीन महिने आम्ही पेशंटपुरतं बोललो, कोणाला बसवायचं, कोणाला चालवायचं, खलास. एका छताखाली राहून तीन महिने तोंड चुकवणं सोपं नसतं. मी घरी नवऱ्याकडे रडले. तो म्हणाला, नोकरी सोड आणि ये. नेहमीप्रमाणे.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मी वॉर्डच्या पँट्रीत डबा खात होते. ओक्साना आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. कैद्यांच्या अदलाबदलीत एक माणूस सुटून आला होता, शाळामास्तर. आंद्रीबरोबर एकाच कोठडीत होता. त्याने तिला फोन केला होता.

"न्यूमोनिया," ती म्हणाली. "औषध नाही. ईस्टरला त्याने पावाचा एक कोपरा राखून ठेवला होता, सगळ्यांना वाटला. त्यानंतरच्या तिसऱ्या गुरुवारी गेला. मास्तर भिंतीवर दिवस मोजत होता."

मी मनातल्या मनात मोजायला लागले. तिने ते ओळखलं.

"मी मोजलंय," ती म्हणाली. "तू वाचलंस त्याच्या आदल्या दिवशी."

मी डबा बाजूला सारला.  सॉरी म्हणाले असावे.

"ऐक. तोपर्यंत तो जिवंत होता. सगळे म्हणत होते मी वेडी आहे. त्याची बायको म्हणत होती, गाव म्हणत होतं, तू म्हणालीस. तो होता. तीन महिने मी त्याला बरोबर बाजूला ठेवलं होतं." मग ती रडली. तिचं रडणं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी तिला पोटाशी धरलं, आणि बाहेर कॉलबेल वाजत होती ती दुसऱ्या सिस्टरने घेतली.

ड्युटी संपल्यावर ती माझ्या फ्लॅटवर आली. वही मी कपाटात ठेवली होती. तिने जिवंतांच्या बाजूने उघडून माझ्यापुढे धरली. जिवंतांतलं आंद्री तिच्याने खोडवेना. मी खोडलं. मृतांच्या बाजूला काही लिहावं लागलं नाही.

आता तुम्ही म्हणाल तसं मीही म्हणून पाहिलं आहे. ओक्साना भराभरा नावं सांगत होती, भावाचं नाव चुकून माझ्या हातून तिकडेही लिहिलं गेलं असेल. असेल. सवयीने वाचताना नजर एखादी ओळ ओलांडते. तेही होतं, औषधांचे चार्ट वाचताना आम्हाला त्याचीच भीती असते. आईचीही ओलांडली असेल, तिला मोतीबिंदू आहे. गुरुवार हा योगायोग. एकेक घेतलं तर सगळं पटतं. सगळं एकत्र धरलं की पटत नाही. फादर मिखाइलोंना विचारलं. म्हणाले, मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं बोललो तर ते पाप होईल. त्यांच्याबद्दलचा माझा आदर तेव्हापासून वाढला.

शुक्रवार पुन्हा सुरू झाला आहे. वाचते मीच.

गेल्या महिन्यात लेस्याचा भाऊ पेत्रो सैन्यात भरती झाला. त्या शुक्रवारी ती लवकर आली, ओक्साना वर यायच्या आधी. बसली नाही. दाराशीच उभी राहून म्हणाली, "सरला, मृतांची पानं बघ ना. त्यात पेत्रो आहे का?"

मी सगळी पानं बघितली. एकेका ओळीवर बोट ठेवून, दोनदा.

"नाही," मी तिला सांगितलं.

तिने सुस्कारा सोडला आणि जेवण गरम करायला आत गेली. मी वही हातात धरून तशीच उभी राहिले. आंद्रीचं नावही मला सहा-सात महिने असंच दिसलं नव्हतं.