साडूंचा इंग्लंडशी करार

इंग्रजांनी युरोपच्या संघातून बाहेर पडावं की नाही, याची जेवढी काळजी आमच्या थोरल्या साडूंनी केली, तेवढी खुद्द इंग्लंडातही कुणी केली नसेल. माणूस सेनगावकडचा, शेतात हळद, सोयाबीन, आणि हॉटेलात चहा गार होईस्तोवर भाषण. त्यांच्या लेखी तो सगळा मामला भावकीच्या वाटणीचा. धाकटा वेगळा निघाला, आता तो आपल्याशी थेट सौदा करील. माणसांच्या बाबतीत मात्र साडू कडक. "माल येऊ द्यावा, माणूस दारात उभा करून इचारावा," हे त्यांचं धोरण. इंग्रजांनी बाहेरच्यांसाठी नियम आवळले, तेव्हा अख्ख्या हॉटेलाशी भांडून साडूंनी त्यांची बाजू घेतली. घर ज्याचं, कडी त्याची.

हेच धोरण घरीही चाले. एकदा मी हुरडा घेऊन गेलो. पिशवी लगेच आत गेली, मी फाटकातच. मुक्काम किती, परतीची एसटी कोणती, हे बराबर कळल्यावर मला पाणी मिळालं. आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आतून हसत होती. कारण एकदा आत घेतलं की साडूच मुद्दाम एसटी चुकवायचे आणि चार दिवस निघू द्यायचे नाहीत.

त्यांची एकुलती लेक नर्स होऊन इंग्लंडला गेली, जावईही तिथेच. दोन्ही देशांत व्यापाराचा करार झाल्याची बातमी आली, त्या दिवशी साडूंनी हॉटेलात सगळ्यांना चहा पाजला. त्याच सुमारास लेकीला दिवस गेल्याचं कळलं. बाळंतपणाला आक्कानं जायचं ठरलं. व्हिसासाठी मुंबईला बोटांचे ठसे द्यायचे होते. जन्मभर खुरपं धरलेल्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या, मशीन घेईना. तेही कसंबसं झालं.

मग व्हिसाला नकार आला. बाई परत जाईल याची खात्री वाटत नाही, असा त्याचा मतलब. म्हशीच्या काळजीनं जी कधी हिंगोलीतही मुक्कामाला राहिली नाही, त्या आक्काबद्दल. हळद, अळीव, बाळंतशोपा आणि गोधडी यांचं पार्सल तेवढं बिनतक्रार पोचलं.

मी भेटायला गेलो तेव्हा साडूंनी फाटकात काही विचारलं नाही. जेवताना सवयीनं म्हणाले, "त्यांचं घर हाय, त्यांनी ठरवावं."

आक्का भाकरी वाढता वाढता थांबली. "घर त्यांचं, व्हय. पर लेक तर माझी हाय नं."

त्यानंतर हॉटेलात कुणी इंग्लंडचा विषय काढला, तर साडू चहा संपवून उठायचे.

थंडीत पुन्हा गेलो, तेव्हा बाळ महिन्याचं झालं होतं. अंगणात आक्का पाय लांब करून बसली होती. पायांवर एक उशी आडवी घेऊन, बाळाची मान कशी धरायची, पाठ कशी चोळायची, हे ती फोनमधल्या लेकीला दाखवत होती. फोन धरून साडू समोर उकिडवे बसले होते. आक्का सांगेल तसा कधी हातांजवळ नेत, कधी पायांजवळ. पलीकडे बाळ रडायला लागलं. आक्काचे हात उशीवर थबकले, मग ती हळूहळू उशीच थोपटू लागली. साडूंचा हात भरून आला होता. मी म्हटलं, द्या माझ्याकडे. त्यांनी नुसती मान हलवली, आणि फोन आणखी थोडा पुढे धरला.