झऱ्याच्या खडकावरची पानं

आमच्या बेंगेटच्या डोंगरात शेंबडं पोरही सांगेल, फेलिसा म्हातारीशी पूर्वज बोलतात. झरा आटायच्या पंधरा दिवस आधी ती म्हणायची, उद्यापासून पाण्याच्या पाळ्या लावा. पाळ्या लागायच्या, कोबी तगायचा, आणि गावात डुक्कर कापलं की पहिला वाटा म्हातारीच्या घरी यायचा. तीस वर्षं हेच चाललं.

मी तिचा जावई, तिच्याच घरात राहणारा, म्हणून मला खरं ठाऊक. झऱ्याच्या खडकाला बारीक पानांची एक हिरवी वनस्पती चिकटलेली असायची, पानावर पान चढलेलं. शहरातले मास्तर तिला लिव्हरवर्ट म्हणतात, आम्ही शेवाळ म्हणून मोकळे होतो. खडकाची ओल उतरायला लागली की वरच्या कडेची पानं आक्रसायची. म्हातारी रोज पहाटे ती बघून यायची आणि मग चारचौघांत डोळे मिटून बसायची. कसले पूर्वज अन् कसलं काय!

यंदा तिचा भाचा एस्तेबान गावाचा कप्तान, म्हणजे सरपंच म्हणा, झाला. स्वच्छ गावाच्या स्पर्धेचे परीक्षक येणार, म्हणून या शहाण्याने रस्त्याकडेचे दगड पांढरे रंगवले आणि झऱ्याचा खडकही खरवडून रंगवायचा हुकूम सोडला. म्हातारीचा जीव खालीवर झाला. नको म्हणावं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की मान गेला. ती गप्प बसली. मला तिचा असा संताप आला. पण वाट्यातलं मांस मीही खात होतो, बोलू कोणत्या तोंडाने?

गावाला बक्षीस मिळालं. मग कोरडे महिने आले. पाळ्या कधी लावायच्या, म्हणून कप्तान विचारायला आला. म्हातारीने अंदाजाने ठोकून दिलं, अजून थांबा. आठव्या दिवशी झऱ्याच्या पाण्यावर भरणारी गावाची टाकी ठणठणीत कोरडी, आणि शेतात कोबी माना टाकून पडलेला.

सगळं गाव अंगणात जमलं. म्हातारीला रडू आवरेना.

"पूर्वज माझ्याशी कधीच बोलले नाहीत रे. मी ती पानं बघत होते. तुम्ही ती खरवडलीत, आणि मी तोंड शिवून बसले."

मग एस्तेबान तिच्या पायाशी बसला.

"आत्या, रागावलीस ना आमच्यावर? म्हणून असं बोलतेस. शेवाळाला काय कळतंय पाण्यातलं?"

माना डोलल्या. रुसलेल्या पूर्वजांसाठी त्याच दिवशी गावातलं सगळ्यात मोठं डुक्कर कापलं. पहिला वाटा, नेहमीच्या दुप्पट, आमच्या घरी आला. बायकोने तो चुलीशेजारी ठेवला. शिजवायला घरात पाणी नव्हतं.